सहाचा ठोका आणि डॉक्टरांचं अर्धं वाक्य

ताई, सप्रेम नमस्कार.

मी एका छोट्या रेडिओ केंद्रावर संध्याकाळी पाच ते सहाच्या थेट कार्यक्रमाची निर्माती आहे. दोन वर्षं झाली. रोज एक पाहुणा, श्रोत्यांचे फोन, मधे दोन-तीन गाणी. आमचे निवेदक फार अनुभवी आहेत, मी त्यांना सर म्हणते. कार्यक्रम रोज दोन ते चार मिनिटं लांबतो. सहाला बातम्या कम्प्युटरवरून आपोआप लागतात, त्या कुणासाठी थांबत नाहीत. गेल्या मंगळवारी भाजल्यावरच्या प्रथमोपचारांबद्दल डॉक्टर बोलत होत्या. "आणि एक गोष्ट मात्र भाजलेल्या जागी कधीही लावू नका, ती म्हणजे" एवढं बोलल्या आणि बातम्यांची धून सुरू झाली. नंतर तासभर केंद्राचा फोन वाजत होता. डॉक्टर मला काही बोलल्या नाहीत, पण स्टुडिओतून निघतानाचा त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

शेवटच्या दहा मिनिटांत मी टॉकबॅकवरून, म्हणजे थेट सरांच्या हेडफोनमध्ये बोलून, त्यांना सारखी आठवण करते. ते चिडतात. म्हणतात, "रेडिओ म्हणजे काय रेल्वेचं वेळापत्रक आहे? गप्पा रंगल्या की रंगू द्याव्यात." घड्याळाकडे बघून बघून मी थकले. चूक माझी आहे का? आणि आता काय करू?

– घड्याळाखाली बसणारी


प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातल्या त्या तुटलेल्या वाक्यापाशी मी थांबले. कुणाच्या तरी घरात त्या क्षणी खरोखरच कुणी भाजलेलं असेल, रेडिओ चालू असेल, ऐकणाऱ्यानं आवाज वाढवला असेल, आणि नेमकी कामाची गोष्ट राहून गेली असेल. कार्यक्रम लांबला की केंद्रात बोलणं होतं ते पुढच्या माणसाच्या रागाचं, वरिष्ठांच्या मेमोचं. श्रोत्याच्या हातून काय निसटलं, हे कुणी विचारत नाही. तुम्ही ते विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

चूक थोडी तुमची आहे, पण तुम्हाला वाटते तिथे नाही. तुम्ही शेवटच्या दहा मिनिटांत वेळ वाचवायला जाता आणि तोवर ती हातातून गेलेली असते. चार मिनिटांचा उशीर पाच वाजून पन्नास मिनिटांनी होत नाही. तो पाच वाजून तीन मिनिटांपासून साठत आलेला असतो, फक्त दिसतो शेवटी.

हे तुम्हाला माझ्या सांगण्यावरून पटायला नको. गेल्या आठवड्यातल्या पाच भागांचं रेकॉर्डिंग काढा. कागदावर दोन रकाने आखा, एकात ठरलेली वेळ, दुसऱ्यात झालेली. मग स्टॉपवॉच घेऊन ऐका. मी पहिल्यांदा असं ऐकायला बसले तेव्हा खात्रीनं वाटत होतं, की आमचा वेळ श्रोत्यांचे फोन खातात. फोन अगदी ठरल्याप्रमाणे होते. एका मिनिटाची प्रस्तावना रोज अडीच मिनिटांवर जात होती. पाहुण्यांची ओळख अर्ध्या मिनिटाची ठरलेली, पण त्यांच्या पदव्या, पुरस्कार आणि समित्यांसकट सगळा बायोडेटा वाचला जात होता. आणि सर्वांत जास्त गळती होती सांध्यांमध्ये. गाणं संपलं, बोलणं सुरू, बोलणं संपलं, फोन सुरू, "हॅलो, हॅलो, येतोय का आवाज?", फोन संपला, आभार, पुन्हा एकदा आभार. असे बारा सांधे होते आणि प्रत्येकात सरासरी आठ सेकंद जास्तीची जात होती. बारा आठं शहाण्णव. दीड मिनिटाहून अधिक वेळ कुणीही काहीही न सांगता गेला होता. क्यू शीटवर, म्हणजे काय किती वाजता लागणार हे लिहिलेल्या कागदावर, या सांध्यांना जागाच नव्हती. तुमच्याही शीटवर नसेल. उद्यापासून प्रत्येक सांध्याला दहा सेकंद लिहा, म्हणजे निदान बेरीज तरी खरी येईल.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही शीट पाचपासून सहाकडे लिहिता ना? सहापासून पाचकडे लिहा. या कामात यालाच बॅकटाइम म्हणतात, आणि जगभरात थेट कार्यक्रम यावरच चालतात. शेवट पक्का असतो, सुरुवातीनंतरचं सगळं कच्चं. मग पक्क्या टोकाला धरून मागे यायचं. सहाला बातम्या. त्याआधी तुमची संकेतधून, समजा ४५ सेकंद, म्हणजे ती ५:५९:१५ ला सुरू व्हायला हवी. त्याआधी सरांचा निरोप, ३० सेकंद: ५:५८:४५. त्याआधी उद्याच्या कार्यक्रमाची सूचना, २५ सेकंद: ५:५८:२०. म्हणजे पाहुण्यांचं शेवटचं वाक्य ५:५८:२० ला संपलेलं हवं आणि शेवटचा प्रश्न ५:५६ च्या आत विचारलेला हवा. असं मागे मागे येत पाचपर्यंत पोहोचा. मग सव्वापाचला शीटकडे पाहिलंत तरी कळेल, की आपण ४० सेकंद मागे आहोत. सव्वापाचला ४० सेकंद भरून काढणं सोपं असतं. एक लिंक, म्हणजे मधलं जोडणारं निवेदन, आटोपशीर केली की झालं. पावणेसहाला तीच ४० सेकंद साडेतीन मिनिटं होऊन समोर येतात.

वजाबाकी करताना एक काळजी घ्या. साध्या कॅल्क्युलेटरवर वेळ वजा करू नका. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मला ५८ मिनिटं २० सेकंदांतून २ मिनिटं ४५ सेकंद वजा करायची होती. घाईत ५८.२० मधून २.४५ वजा केले. उत्तर आलं ५५.७५. मी पंचाहत्तर सेकंद म्हणजे सव्वा मिनिट धरलं आणि गाणं ५६:१५ ला लावलं. लागायला हवं होतं ५५:३५ ला. बरोब्बर ४० सेकंदांनी चुकले आणि ते गाणं शेवटच्या कडव्यात कापलं गेलं. ज्या श्रोत्यानं फर्माईश पाठवली होती, त्याचं दुसऱ्या दिवशी पत्र आलं. तेव्हापासून मी मिनिटं आणि सेकंदं वेगळी लिहूनच वजाबाकी करते. कम्प्युटरवरच्या शीटमध्ये वेळेचा रकाना नीट लावून घेतला, तर हे काम तोही करतो.

यानंतरची युक्ती मी तुम्हाला अगदी हातात ठेवते, कारण तुमच्या अडचणीवर तीच सर्वांत उपयोगी आहे. शब्द नसलेली एक धून निवडा. तिची लांबी सेकंदापर्यंत मोजा. समजा ती ३ मिनिटं १० सेकंदांची आहे. तर ती ५:५६:५० ला सुरू करायची, पण फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, पूर्ण खाली ठेवून. स्टुडिओत चर्चा चालू आहे, श्रोत्यांना धून ऐकू येत नाही, ती आपली आतल्या आत वाजते आहे. सरांचं बोलणं ५:५८:३० ला संपलं, तर तेव्हा फेडर हळूच वर. ५:५९:१० ला संपलं तरी तेव्हा वर. धून जिथे असेल तिथून ऐकू येईल आणि काहीही झालं तरी बरोब्बर सहाला, तिच्या शेवटच्या सुरावर, संपेल. श्रोत्याला वाटतं, किती नेटका शेवट! संकेतधून मोठी असेल तर तीच अशी वापरा, वेगळी लागत नाही. मात्र धून अशी हवी जिचा शेवट कानाला शेवट वाटतो. विरत विरत जाणारी धून इथे चालत नाही, कारण मग ठोक्याआधी काही सेकंद नुसती शांतता उरते. आणि फेडरला हात लावण्यापूर्वी हेडफोनमध्ये क्यूवर, म्हणजे प्रसारणात न सोडता, एकदा ऐकून घ्या, ती खरंच वाजते आहे ना. एकदा माझी सहकारी पूर्ण आत्मविश्वासानं फेडर वर घेऊन बसली होती आणि धून सुरूच झालेली नव्हती.

बीबीसीच्या रेडिओ ४ वर रात्री १२:४८ ला समुद्रावरच्या जहाजांसाठी हवामानाचं वार्तापत्र असतं. त्याआधी गेली अनेक वर्षं वाद्यवृंदाची एक संथ धून वाजते. ऐकणाऱ्यांना ती आवडते ती तिच्या गोडव्यामुळे, पण तिचं काम उशीचं आहे. आधीचा कार्यक्रम थोडा लवकर संपो की उशिरा, तेवढी धून कमी-जास्त ऐकवायची आणि वार्तापत्र वेळेवर सुरू करायचं. समुद्रात कुणीतरी त्या वेळी कागद-पेन्सिल घेऊन बसलेलं असतं. तुमच्या कार्यक्रमातही अशा दोन-तीन उश्या पेरून ठेवा. एक दीड मिनिटाची नोंद, जी वाचली नाही तरी चालेल. एक श्रोत्याचं पत्र, जे उद्या घेता येईल. एक गाणं, जे पहिल्या कडव्यानंतर सुबकपणे उतरवता येतं. शीटवर त्यांच्यापुढे खूण करा. काय गाळायचं हे थेट प्रसारण चालू असताना ठरवायला लागलं, की माणूस नेहमी चुकीचंच गाळतो. याच उश्या वेळ उरल्यावरही कामाला येतात. पाहुण्याचा फोन अर्ध्या वाटेत तुटला, तर तुम्हाला सहा मिनिटं भरायची असतात आणि तेव्हा हाताशी काही नसणं फार वाईट.

आता सर.

त्यांचं म्हणणं मला पूर्णपणे चूक वाटत नाही. रंगलेल्या गप्पा मधेच तोडणारा रेडिओ मलाही आवडत नाही. पण सहाच्या बातम्यांसाठी थांबलेल्या माणसाच्या दृष्टीनं रेडिओ हे वेळापत्रकच असतं. इंग्लंडमध्ये ५ फेब्रुवारी १९२४ पासून बीबीसीवर तासाच्या ठोक्याला सहा 'पिप' वाजू लागले. आज पाच छोटे आणि सहावा लांब अशी त्यांची रचना आहे, आणि नवा तास सुरू होतो तो सहाव्या पिपच्या आरंभी. त्यावर लोक घड्याळं लावत आले. त्या पिपवर बोलणं, म्हणजे ते वाजत असताना आपलं वाक्य चालूच असणं, हा तिथल्या निवेदकांमध्ये मोठा दोष मानतात. शंभर वर्षं इतक्या मोठ्या माणसांनी तिथे गप्पा मारल्या आणि त्या रंगल्याही, सहा पिपच्या अलीकडे.

हे सगळं सरांना सांगा, पण कार्यक्रम चालू असताना नाही. टॉकबॅकवरून केलेली आठवण ही थेट बोलणाऱ्या माणसाच्या कानात केलेली ओरड असते. एका कानानं पाहुणा ऐकायचा, डोक्यात पुढचा प्रश्न जुळवायचा आणि दुसऱ्या कानात "सर, वेळ! सर, वेळ!" मी दोन्ही बाजूंना बसले आहे, म्हणून सांगते, त्या क्षणी राग येतोच. दुपारी शांतपणे बसा. त्या मंगळवारच्या भागाची शेवटची दोन मिनिटं त्यांना ऐकवा. काही बोलू नका, नुसती ऐकवा. इतकी वर्षं श्रोत्यांशी बोललेल्या माणसाला ते अर्धं वाक्य ऐकून काय वाटेल, हे मला माहीत आहे. मग विचारा, "सर, शेवटचं वाक्य तुमचं पूर्ण व्हावं म्हणून मी काय करू?"

त्यातून तीन-चार गोष्टी ठरवून घ्या. किती उशीर झालाय हे त्यांना कधीही सांगायचं नाही, किती वेळ उरलाय तेवढंच सांगायचं. "तीन मिनिटं मागे आहोत" ऐकून माणूस गडबडतो, "चार मिनिटं" ऐकून तो वाक्यं त्या मापात बसवतो. कानात बोलायचं ते पाहुणा बोलत असताना, सर बोलत असताना नाही, आणि दोन शब्दांपेक्षा जास्त नाही. शेवटची दोन मिनिटं कानात काहीच नको, काचेपलीकडून हातानं. वर केलेली बोटं म्हणजे उरलेली मिनिटं. हवेत गोल फिरणारं बोट म्हणजे आवरतं घ्या. रबर ताणल्यासारखे हात म्हणजे वेळ आहे, लांबवा. या खुणा जुन्या आहेत, सरांना तुमच्याआधीपासून येत असतील. तुम्ही त्या वापरल्यात तर त्यांना आपल्या माणसाबरोबर काम करतोय असं वाटेल. आणि त्यांच्यासमोर एक मोठं, उलटं चालणारं घड्याळ ठेवा, ज्यावर फक्त उरलेला वेळ दिसतो. पाच वाजून एक्कावन्न मिनिटं सदतीस सेकंद यातून उरलेला वेळ काढायला डोकं लागतं. ८:२३ ला लागत नाही.

पाहुण्यांचंही थोडं पाहायला हवं. बहुतेक पाहुण्यांना कुणी सांगतच नाही, की कार्यक्रम किती वाजता आणि कसा संपणार आहे. सुरुवातीलाच सांगा: "पाच अठ्ठावन्नला आपण थांबू. त्याआधी मी हात वर केला की तुमची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगा." आणि यात सर्वांत मोलाचं हे, की ज्यामुळे कुणाचा जीव वाचू शकतो किंवा कुणाला इजा होऊ शकते अशी गोष्ट शेवटासाठी राखून ठेवायचीच नाही. ती पहिल्या दहा मिनिटांत सांगून घ्यायची आणि वेळ उरला तर शेवटी पुन्हा. डॉक्टरांना विषयाची चढती मांडणी करायची सवय असते, शेवटी सर्वांत महत्त्वाचं. वर्गात ते शोभतं. रेडिओवर शेवट हीच सर्वांत असुरक्षित जागा आहे. हे ठरवणं निर्मातीचं काम, आणि मंगळवारचं जे काही तुमच्याकडे येतं ते हेच. घड्याळाकडे बघण्यात तुम्ही कमी पडला नाहीत.

शेवटचा प्रश्न कसा विचारायचा, याचाही फरक पडतो. "थोडक्यात सांगा" असं कधी म्हणू नये. ऐकणारा त्याचा अर्थ 'सुरुवातीपासून सांगा, पण भरभर' असा घेतो. "एकच गोष्ट सांगा, भाजल्यावर पहिल्या मिनिटाला काय करायचं?" असं विचारलं की उत्तर एकच येतं. आणि कुणी थांबतच नसेल, तर श्वासाची वाट पाहावी. प्रत्येक माणूस श्वास घेतो. त्या फटीत आधी नाव घ्यायचं, मग आभार मानायचे. नाव ऐकलं की माणूस आपोआप थांबतो. श्वासाच्या आधी तोडलं तर तो आवाज चढवून वाक्य पूर्ण करतो आणि दोघांचंही काही ऐकू येत नाही.

घड्याळांची एक बाब तपासून घ्या, कारण तुमच्या पत्रात "बातम्या आपोआप लागतात" असं आहे. स्टुडिओच्या भिंतीवरचं घड्याळ, प्ले-आउटच्या, म्हणजे गाणी-बातम्या लावणाऱ्या, कम्प्युटरचं घड्याळ आणि तुमचा मोबाईल, तिन्ही एकाच सेकंदाला आहेत का? जिथे मी काम केलं तिथल्या एका स्टुडिओत भिंतीवरचं घड्याळ ११ सेकंद मागे होतं आणि आम्ही महिनाभर एकमेकांना दोष देत होतो. कम्प्युटर नेटवर्कवरून वेळ जुळवून घेतो की नाही, हे तंत्रज्ञांना विचारा, आणि भिंतीवरचं घड्याळही त्याच स्रोताशी जोडून मागा. बातम्या कम्प्युटर लावणार, तेव्हा तुमच्यासाठी खरी वेळ त्याचीच. मोबाईलवर आपलंच प्रसारण ऐकून वेळ मोजू नका. इंटरनेटवरचा आवाज कित्येक सेकंद मागून येतो, कधी अर्धा मिनिटसुद्धा. आणि श्रोत्यांच्या फोनसाठी काही केंद्रं प्रसारण मुद्दाम काही सेकंद उशिरा सोडतात, नको तो शब्द कापता यावा म्हणून. तुमच्याकडे तसं असेल आणि तो उशीर आठ सेकंदांचा असेल, तर तुमचे सहा वाजतात ५:५९:५२ ला. धूनही तेवढीच आधी सुरू करायची.

हे सगळं एका दिवसात करू नका. या आठवड्यात फक्त उलटी शीट आणि फेडरखालची धून. सांध्यांची दहा सेकंदं पुढच्या आठवड्यात. सरांशी बोलणं मात्र आजच करा, ते जितकं लांबवाल तितकं जड होईल. रोज कार्यक्रमानंतर लॉगबुकात एकच आकडा लिहा: किती सेकंद पुढे किंवा मागे. कारण लिहू नका, दोष लिहू नका. दहा दिवसांनी तो आकड्यांचा रकाना सर स्वतःहून बघायला लागतील.

आणि उद्या, बाकी काही होवो न होवो, एवढं करा. त्या डॉक्टरांना फोन लावा, झाल्याबद्दल माफी मागा आणि दोन मिनिटं मागून घ्या. पाच वाजता संकेतधून उतरली, की प्रस्तावनेच्याही आधी, सरांनी म्हणावं, "मंगळवारी डॉक्टरांचं एक वाक्य अर्धं राहिलं होतं, ते आधी पूर्ण करूया." मग त्यांना सांगू द्या: भाजलेल्या जागी काय लावायचं नाही, आणि त्याऐवजी काय करायचं. मग गाणं लावा.

तुमची,
ताई